मॉनिटर बंद करणाऱ्या साळवे मॅडम

विद्यार्थ्याचं वेबपान तपासताना साळवे मॅडम आधी मॉनिटर बंद करायच्या आणि विचारायच्या, पानावर काय काय आहे सांग. पोरगं म्हणे, वर एक मोठी निळी ओळ आहे. "ती कोन हाय ते सांग," मॅडम म्हणायच्या. "तिनं काय घातलंय ते नको." शीर्षकाला शीर्षकाचाच टॅग, म्हणजे 'हे शीर्षक आहे' असं कॉम्प्युटरला सांगणारी खूण, द्यायचा, नुसतं अक्षर मोठं करून शीर्षकाचं सोंग आणायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

नव्वदीच्या अखेरीस केडगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. मॅडम मिरजगावच्या. एरवी पुस्तकी बोलायच्या, पण टॅगवर गाडी आली की गावाकडची भाषा बाहेर पडायची. मला हे सगळं अतीच वाटायचं. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, मग पोरांचा एवढा जीव कशाला खायचा?

पुढे क्लासला एका कॉलेजच्या प्रवेशाचं पान करायचं काम मिळालं. मालकांनी दाखल्यांची यादी दिली आणि खाली लिहायला सांगितलं, 'लाल अक्षरांतले दाखले मूळ प्रतीत आणावेत.' मॅडमनी रंग दिलाच नाही. ज्याची मूळ प्रत हवी, त्या दाखल्यापुढे तसं शब्दांत लिहिलं. मालक चिडले. गिऱ्हाइकाला लाल हवंय, जमत नसेल तर दुसरीकडे बघा, म्हणाले. मॅडमचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. तरी त्या पर्स घेऊन उठल्या.

"ज्याला लाल दिसणार न्हाई त्यानं काय करायचं, सर?" एवढंच विचारलं आणि गेल्या. मालकांनी स्वतः बसून लाल केलं.

तेव्हा स्वस्तातलं इंटरनेट नुसती अक्षरं दाखवायचं. चित्र नाही, रंग नाही. तिसगावच्या एका मुलीनं पान तसंच वाचलं, लाल काहीच दिसलं नाही, म्हणून सगळ्या झेरॉक्सच घेऊन ती शेवटच्या दिवशी कॉलेजात आली. तिला परत पाठवलं. कॉलेजनं मालकांना फोनवर झाडलं, तसे ते मला घेऊन मॅडमच्या खोलीवर गेले. नोकरी परत देतो म्हणाले. मॅडमनी आधी मुलीचं विचारलं. मुदत संपली, हे कळल्यावर त्या क्लासमध्ये आल्या, पान दुरुस्त केलं आणि फोन मालकांपुढे सरकवला. मालकांनी कॉलेजची पुन्हापुन्हा माफी मागून मुदत वाढवून घेतली. मुलीला प्रवेश मिळाला.

मॅडम मात्र नोकरी परत न घेता पुण्याला निघाल्या. मला फार वाईट वाटलं. स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा विचारलं, सरांनी चूक मान्य केली होती, मग का जाताय?

"त्यांनी माफी कॉलेजची मागितली," मॅडम म्हणाल्या. "त्या पोरीची न्हाई."