मालकानं वर राहायचं

आमचं घर दोन मजली. खालचा मजला सासऱ्यांनी बांधला, वरचा आम्ही नंतर चढवला. नवं बांधलं म्हणून आम्ही वर राहायला गेलो आणि खालचं भाड्यानं दिलं. तेव्हापासून तसंच चालत आलं. मे महिन्यात वरचा स्लॅब असा तापतो की कूलरसुद्धा गरम हवाच फेकतो. पण मालकानं वर राहायचं, हे आमच्या ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

मागच्या दिवाळीनंतर खालच्या भाडेकरूची बदली झाली. घर बघायला एक जोडपं आलं. दोघंही रामदासपेठेत दवाखान्यात कामाला, नुकतंच लग्न झालेलं. पोरगी बोलायला सरळ होती. सगळं घर फिरून म्हणाली, "काका, घर आवडलं. फक्त संडास बसायचा आहे. तिथं कमोड लावून मिळेल का?"

"विचार करून सांगतो," हे म्हणाले. ह्यांचा विचार रात्रीच्या जेवणापर्यंत झालासुद्धा.

"आजकालच्या पोरांले तेच लागते वं," वरणभात कालवत म्हणाले. "लावून टाकू. लागल्या हाती टाइल्सही बदलू."

माझा घास हातातच राहिला. गुडघे दुखतात, वर कमोड बसवा, असं मी दोन वर्षांपासून सांगून राहिली होती. खाली बसलं की उठता येत नव्हतं, समोरच्या नळाला धरून उठायची. दरवेळी उत्तर एकच, "काहून? चांगलं मजबूत तर आहे." एकदा तो नळच माझ्या हातात निघून आला. तर ह्यांनी दुसऱ्या दिवशी जाडजूड पितळी नळ आणला, सिमेंट भरून भिंतीत पक्का केला आणि मला म्हणाले, "आता धर बिनधास्त."

"भाडेकरू कानामागून आला नि तिखट झाला, नाही का जी?" मी विचारलं.

"त्याचं वेगळं आहे. नाही लावलं तर घर रिकामं राहते."

मला असा राग आला की ताटावरून तडक उठून जावं. पण तेही जमलं नाही, भिंतीला धरून धरून उठले.

आठवड्याभरात खालचं काम सुरूही झालं. मी चहा घेऊन खाली उतरले, तेव्हा मिस्त्रीनं कमोड जागेवर नुसता ठेवला होता. म्हणाला, "काकू, जरा बसून बघा. पक्का करायच्या आधी उंची बरोबर आहे का सांगा." मला लाज वाटली, पण तो बाहेर जाऊन उभा राहिला. मी लुगडं सावरून बसले. उठले. कशालाच हात लावला नव्हता. खरं वाटेना म्हणून पुन्हा बसले, पुन्हा उठले. डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं आणि बाहेर आले.

हे अंगणात उभे होते. मी विचारलं, "सामान कधी आणायचं खाली?"

"कोणाचं?"

"आपलं. मी आता खालीच राहणार. त्या पोरांले वरचं द्या. गच्ची आहे, अन् जिना चढायले पाय आहेत त्यांचे."

"अन् वरच्या संडासाचं काय?"

"बदला ना. भाडेकरूसाठी तुमचं लगेच होते."

हे मिस्त्रीकडे बघायला लागले. मिस्त्री उगाच फरशीकडे बघत राहिला. संध्याकाळी मीच त्या पोरीला फोन केला. गच्ची मिळणार म्हणून ती उलट खूशच झाली.

आम्ही खाली आलो आणि वरचं काम निघालं. संडास फुटला, फरशी निघाली, पण तो पितळी नळ काही निघेना. भिंत ठोकून ठोकून मिस्त्री दमला. मी जिन्याखाली तांदूळ निवडत बसले होते, वरचं सगळं ऐकू येत होतं.

"राहू दे गा तो," ह्यांचा आवाज आला. "चांगला मजबूत आहे."

मी खालूनच सांगितलं, "काढा तो. आता त्याले धरून उठणारं वर कोणी राहत नाही."

मग हे मिस्त्रीला म्हणाले, "दे ती छिन्नी. मीच काढतो."