ओतिलिया मावशीनं भांडून मिळवलेला भाव

हुचितानच्या बाजारात ओतिलिया मावशीशी घासाघीस करून कुणी जिंकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. माझी पाटी कित्येक वर्षं तिच्या पाटीला लागून आहे. ती सोडे आणि खारवलेले मासे विकते, मी तोतोपो विकते, म्हणजे आमच्या मक्याच्या कडक भाकऱ्या. तिचं बघून बघून मला दोन शब्द बोलता यायला लागले, नाहीतर मी गिऱ्हाईकानं डोळे वटारले की भाव पाडणारी. मावशी घेतानाही भांडायची आणि देतानाही. कोळ्यांकडून माल घेताना ती आधी नाक मुरडायची, मग पाटी पायानं बाजूला सरकवायची, मग उठून चालू लागायची. ती कोपऱ्यावर पोचायच्या आत कोळी हाक मारायचाच. त्या हाकेवर बाईचं पोट भरायचं, जेवणाची गरजच नव्हती.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गळ्यात एकच सोन्याचं नाणं, मोठं, पंखवाल्या बाईचं, तिच्या आईनं सोडे विकूनच घेतलेलं. आमच्याकडे बाईची पत गळ्यावरून कळते. मे महिन्यातल्या उत्सवांना सगळ्याजणी मखमली पोलक्यांवर नाणी घालून येतात, आणि गेल्या वर्षीपेक्षा एखादं जरी कमी दिसलं तरी दुसऱ्या दिवशी बाजारात कुजबुज सुरू. मावशीचं नाणं एकच, पण ते कधी हललं नाही. याचा तिला फार तोरा होता.

मग भूकंप झाला. बाजाराची इमारत बसली, आम्ही सगळ्या पाट्या घेऊन समोरच्या बागेत आलो. घरं तर रांगेनं पडली. सरकारी मदतीचं कार्ड मिळालं, पण त्यात चार भिंतीसुद्धा होईनात. म्हणून बायकांनी गळ्यातलं काढायला घेतलं. सोनार म्हणाल तर लिबोरियो. त्याच्या बापानं गावातल्या निम्म्या नाण्यांना गळ्यात अडकवायच्या कड्या जोडून दिलेल्या, त्यामुळे जायचं त्याच्याकडेच. तिथं जायची बायकांना धास्ती वाटायची. घर पडलेल्या बाईचं तोंड बघूनच सोनाराला कळतं, हिला किती घाई आहे ते. मग कुणाला तरी सुचलं की ओतिलियाला बरोबर न्यावं.

झालं. त्या हिवाळ्यात मावशी म्हणजे जणू वकीलच झाली. कुणाची कर्णफुलं, कुणाची साखळी, कुणाचं नाणं, सगळं घेऊन ती पुढं आणि मालकीण मागं. एकदोनदा मीही गेले होते. लिबोरियो आकडा सांगायचा, मावशी खुर्चीतून अर्धी उठायची, त्याच्या बापाचं नाव काढायची, गावच्या संताची, सान विसेंतेची शपथ घालायची. तो नाण्याची कडी उजेडात धरून दाखवायचा, बघ, इथं छाप आहे, दहा कॅरेट, म्हणजे हलकं सोनं. ती म्हणायची, छाप तुझ्या घरी ठेव, अजून दे. तो कपाळाला हात लावायचा आणि द्यायचा. नऊ हजार पेसोंपासून सुरू झालेलं नाणं चौदा हजारांवर जायचं. बाहेर आल्यावर ती बाई मावशीच्या गळ्यात पडायची, आणि मावशी आठवडाभर आम्हाला तो तमाशा नकला करून दाखवायची. एक पेसो घेतला नाही तिनं कुणाकडून, हे मला सांगायलाच हवं.

हेर्मिलाची दोन नाणीसुद्धा अशीच गेली. हेर्मिला ही मावशीची बहिणीपेक्षा जवळची. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मावशीनंच पोर हातावर घेतलेलं, तेव्हापासून दोघींची चूल वेगळी असली तरी दुःख एकच. हेर्मिलाचं घर पूर्ण गेलं होतं. दोन नाण्यांच्या पैशांत भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत आल्या आणि पैसा संपला. लेक, जावई, तान्हं बाळ, सगळे प्लास्टिकच्या कापडाखाली. उत्तरेचा वारा सुटला की ते कापड असं फडफडायचं की बाळ दचकून रडायचं. हेर्मिलाकडे आता तिसरं, शेवटचं नाणं होतं. त्यावर छप्पर व्हायला हवं होतं, आणि पाऊस लागायच्या आत. एप्रिल उजाडला तेव्हा तिनं मावशीला सांगितलं, उद्या जाऊ या लिबोरियोकडे.

त्याच दिवशी दुपारी फुलवाली माउरा आमच्याकडे मासे घ्यायला आली. माउरा म्हणजे पुटपुटणारी बाई. ती काय म्हणतेय ते ऐकायला आपणच वाकायचं. तिनं जानेवारीत आपलं नाणं एकटीनं जाऊन विकलं होतं आणि त्यावरून सगळा बाजार तिला हसला होता. मावशीनं तिला पाहताच सुरू केलं.

"काय गं, लिबोरियोनं घातलं ना तुला खड्ड्यात? मला न्यायला काय झालं होतं? तुझी फुलं सुकली असती का?"

माउरा नेहमीप्रमाणे पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही मावशी. बरे दिले त्यांनी."

"बरे म्हणजे किती? सांग की, लाजतेस काय?"

"चोवीस हजार."

मावशी हसली. आम्ही सगळ्याच हसलो. माउराच्या तोंडून आकडा चुकला असेल, असंच वाटलं. पण ती हसेना. तिनं मान खाली घालूनच सगळं सांगितलं. मदतीच्या कार्डासाठी ती बँकेत रांगेत उभी होती. तिथं डॉलरच्या भावाची पाटी असते, तिच्यात खाली आपल्या नाण्याचाही भाव लिहिलेला होता, अठ्ठावीस हजार. तिनं सोनाराला एवढंच विचारलं, बँकेत इतका आहे, तुमच्याकडे किती? तो म्हणाला, बँक कडी लावलेलं नाणं घेत नाही, आणि कडीवर छाप दहाची. तर ही म्हणाली, मग कडी काढून मला द्या, माझ्या नवऱ्यानं बसवून घेतली होती ती. त्यानं कडी काढून हिच्या हातावर ठेवली. आता दहाची छाप हिच्या मुठीत, आणि काट्यावर नुसतं नाणं. बोलायला काही उरलंच नाही.

मी तोतोपो मोजत होते, माझा हात तिथंच थांबला. त्या बँकेच्या रांगेत आम्ही सगळ्या उभ्या राहिलो होतो. ती पाटी आमच्या डोक्यावर होती. मावशीकडे बघायची माझी हिंमत होईना. तिनं माउराचे मासे बांधले, पैसे घेतले, सुटे परत दिले. मग मला म्हणाली, "नेरेइदा, पाटी झाक. चल माझ्याबरोबर."

मला वाटलं, आता लिबोरियोचं दुकान खाली येतं. भूकंपात वाचलं ते आज पडणार. पण आत जाऊन मावशी खुर्चीवर बसली आणि हलक्या आवाजात तिनं विचारलं, माउराला किती दिलेस. त्यानं खोटं सांगितलं नाही. चोवीस, म्हणाला.

"आणि हेर्मिलाला चौदा. नाणं तेच, पंखवाली तीच. का?"

लिबोरियो मावशीच्याच वयाचा, आमच्याच गल्लीत खेळलेला. त्यानं चष्मा काढून पुसला. लाज वाटत असावी, पण फार नाही.

"तू भांडलीस ना, ओतिलिया? भांडून पाच हजार चढवलेस. मी दिले."

"छाप कडीची होती. कडी तुझ्या बापानं जोडलेली. नाणं दहाचं नाही हे तुला ठाऊक होतं."

"होतं. तुलाही विचारता आलं असतं. माउरानं विचारलं, मी सांगितलं. तू कधी विचारलंस, हे केवढ्याचं आहे म्हणून? तू आत यायचीस ती अजून दे म्हणतच." मग तो जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं. "तू येणार असं कळलं की मी आकडा आधीच खाली नेऊन ठेवायचो. नाहीतर तुला चढवायला जागा कुठून राहिली असती?"

माझ्या पायाखालची जमीन खरोखर सरकली होती तेव्हासुद्धा मी इतकी सुन्न झाले नव्हते. म्हणजे बाया मावशीला घेऊन गेल्या म्हणूनच त्यांना कमी मिळालं. एकटी गेलेली मुखदुर्बळ बाई सुखरूप सुटली आणि आमच्या वाघिणीमागून गेलेल्या सगळ्या बुडाल्या. मी लिबोरियोला तोंडाला येईल ते बोलले. मेल्या, पडलेल्या घरांच्या विटा खाल्लास तू, असंही म्हणाले. मावशीनं एवढंच विचारलं, हेर्मिलाची दोन नाणी आहेत का अजून. तो म्हणाला, ती केव्हाच शहरात गेली. मग ती उठली.

रिक्षा समोर उभी होती, तिनं घेतली नाही. वाऱ्यात धूळ उडत होती, आणि ती तोंडावर ओढणीसुद्धा न घेता हेर्मिलाच्या अर्ध्या घराकडे चालत गेली. मी मागून. हेर्मिला भिंतीआड बाळाचे कपडे वाळत घालत होती. मावशीनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. माउरा, बँकेची पाटी, कडी, आकडा खाली नेऊन ठेवणं, सगळं. एक शब्द मऊ केला नाही. मग म्हणाली, "तुझं छप्पर मी खाल्लं, हेर्मिला."

हेर्मिलानं हातातलं झबलं दोरीवर नीट पसरलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "माउरानं जानेवारीतच सांगितलं मला. माझी दोन नाणी तोवर गेली होती."

मावशीच्या चेहऱ्याला काय झालं ते मला सांगता येत नाही. "जानेवारीत? मग उद्या माझ्याबरोबर परत त्याच्याकडे कशाला निघाली होतीस? शेवटचं नाणं घेऊन? वेड लागलंय का तुला? बाळ त्या कापडाखाली झोपतंय."

"एकटी गेले असते तर बाजारानं विचारलं असतं, ओतिलियाला का नाही नेलं. मग सगळं बाहेर आलं असतं." हेर्मिला आता आमच्याकडे वळली. "तुझ्याकडे आहे काय दुसरं? नवरा नाही, लेकरू नाही. एक तोंड आहे, त्याचा मान आहे. तोही मीच काढून घेऊ?"

मावशी सिमेंटच्या पोत्यावर बसली. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर हेर्मिलाला झोडपेल. बाळ रांगत येऊन तिच्या घागऱ्याची झालर ओढू लागलं तरी तिला कळलं नाही. भूकंपाच्या रात्री आम्ही सगळ्या रस्त्यावर आलो होतो, तेव्हा ही बाई ओरडून ओरडून माणसं मोजत होती. आता तिचा आवाजच गेला होता. शेवटी उठताना म्हणाली, "सकाळी तयार राहा. बोलायचं तू."

सकाळी आम्ही तिघी गेलो. लिबोरियोनं मावशीला पाहिलं आणि सवयीनंच म्हणाला, नऊ. मावशीनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं आणि गच्च दाबलं. हेर्मिलानं अडखळत विचारलं, बँकेत आज किती आहे? आणि कडी काढून द्या. लिबोरियो पुन्हापुन्हा मावशीकडे बघत होता. ती काही म्हणेल, खुर्चीतून उठेल, याची वाट बघत होता बिचारा. तिनं डोळेसुद्धा वर केले नाहीत. मग त्यानं कडी कापली, नाणं काट्यावर ठेवलं आणि चोवीस हजार कबूल केले.

तेवढ्यात मावशीनं मानेमागं हात नेला, आपली साखळी सोडली आणि स्वतःचं नाणं हेर्मिलाच्या नाण्याशेजारी ठेवलं.

हेर्मिलानं तिच्या हातावर झडप घातली. हे नाही, आईचं आहे, हे मी घेणार नाही, असं काय काय म्हणू लागली. मावशीनं ओढणी तोंडावरून काढली नाही. फक्त दुसऱ्या हातानं हेर्मिलाची बोटं एकेक करून सोडवली आणि लिबोरियोला खुणेनं सांगितलं, काप.

त्यानंतर ती एकेका बाईच्या घरी गेली. तुला माझ्यामुळे कमी मिळालं, हे प्रत्येकीला तोंडावर सांगून आली. एकीनं दार लावून घेतलं. एक अजून तिच्याकडून सोडे घेत नाही, आणि मी तिला दोष देत नाही, तिच्या सासूची औषधं थांबली होती. लिबोरियोनं आता दुकानात बँकेचा भाव लिहून लावलाय. उशिरा सुचलं त्याला.

मे महिन्यातल्या उत्सवाला मावशी आली. काळं मखमली पोलकं, लाल फुलं, आणि उघडा गळा. मी तिच्या शेजारीच बसले होते. जी ती आधी तिच्या गळ्याकडे बघायची आणि मग दुसरीकडे. शेवटी तेवांतेपेकहून आलेल्या एका म्हातारीला राहवलं नाही. तिनं विचारलं, काय गं ओतिलिया, तुझं नाणं कुठे?

"हेर्मिलाच्या डोक्यावर," मावशी म्हणाली. "पत्रे चांगले जाड बसवलेत. येऊन बघ."

म्हातारीला काहीच कळलं नाही. हेर्मिला पलीकडे बसली होती, तिनं ऐकलं, आणि उठून नाचायला गेली.