आवडाबाईंचं पाप

छावणीतल्या ख्रिस्ती वस्तीत राहणाऱ्या आवडाबाई चर्चच्या मंडळीच्या बायबलबाई होत्या. बगलेत पवित्र शास्त्र घेऊन फुलंब्रीकडची गावं पायी तुडवायची, बायका गोळा करायच्या आणि सांगायचं एकच: माणूस मुळातच पापी, स्वतःच्या पुण्याईवर कुणी तरत नाही, देवाची कृपाच हवी. सांगायच्या झकास. फक्त त्या पाप्यांत स्वतःला धरायच्या राहून जायच्या.

एका दुपारी शेंगा फोडता फोडता सरूबाई नावाच्या म्हातारीनं सहज विचारलं, "बाई, समदेच पापी म्हणता, मग तुमचं पाप कोन्तं?"

बायका हसल्या. आवडाबाईही हसायला गेल्या, पण त्यांना धाकटी बहीण आठवली.

ही धाकटी, दगडाबाई, सिल्लोडच्या हिंदू घरात लग्न करून गेली आणि कुंकू लावू लागली. बहात्तरच्या दुष्काळात ती तापलेल्या लेकीला शहरातल्या दवाखान्यात दाखवायला आली, तेव्हा रात्रीपुरता आसरा मागायला थोरलीच्या दारात उभी राहिली. आवडाबाई आडव्या आल्या. "आधी कुंकू पूस, मग उंबरा ओलांड." नवरा जिवंत असताना ती कशी पुसणार? लेकीला उराशी धरून तिनं ती रात्र एसटी स्टँडवर काढली. आवडाबाई इतकी वर्षं त्याला आपली निष्ठा समजत आल्या. निष्ठा कसली, निव्वळ ताठा होता तो.

त्या दुपारपासून त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी सिल्लोडची गाडी धरली. बहीण चार शिव्या घालील याची खात्री होती. खरं तर त्या शिव्यांसाठीच निघाल्या होत्या, तेवढीच फिटंफाट.

दार उघडलं ते त्याच लेकीनं. आता चांगली मोठी झालेली. नाव सांगताच ती वाकून पाया पडली.

"मावशी, माय नेहमी सांगती. मी तापानं फणफणले तवा तुम्हीच रातभर माझ्या उशाला बसला व्हता."

आवडाबाईंनी बहिणीकडं पाहिलं. दगडाबाई चुलीपुढं खाली मान घालून भाकरी थापत होती.

"दगडू, हे खोटं..."

"अक्का, गरम हाय तवर खा," ताट पुढं सरकवत ती एवढंच बोलली.

बहिणीचा राग आवडाबाईंनी सोसला असता. पण ही माफी त्यांनी मागायच्या आधीच दिलेली होती, आणि ती कशानंच फेडता येणार नव्हती. भाकरीचा तुकडा मोडून त्या तशाच बसल्या. हात काही तोंडापर्यंत जाईना.