तळ्यावरची बंदी

गावातली निम्मी दुकानं पेंटरच्या हातची होती, म्हणजे त्यांच्या पाट्या. शिडीवर चढला की तो खाली येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचा. पण त्याच्या खऱ्या गप्पा रविवारी तळ्यावर. कंपाउंडर, लांब्या आणि तो, तिघं शाळेपासूनचे. लग्नं झाली, मुलं झाली, लांब्या बस चालवता चालवता निवृत्त झाला, पण रविवारचं तळं सहसा चुकलं नाही.

गळ टाकण्यात पेंटर बेताचाच. लांब्या म्हणायचा, "मला मासे लागतात, कंपाउंडरला डुलकी लागते आणि पेंटरला भूक लागते." स्वयंपाक मात्र पेंटरकडे. तीन दगडांची चूल, राखेत पुरलेले बटाटे, मीठ-तिखट चोळून जाड तव्यावर टाकलेला मासा. कंपाउंडरला काट्यांची भीती, म्हणून पेंटर त्याच्या तुकड्यातले काटे काढून द्यायचा. डोक्यावरचे केस गेले तरी कंपाउंडर ताट पुढे करून पोरासारखा बसायचा.

मग पेंटरचे कान गेले. आधी डावा, हळूहळू उजवाही. कानात घालायचं यंत्र आणलं, पण वाऱ्यात ते शिट्ट्या मारायचं, म्हणून ते खिशातच राहायचं. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार, अशा समजुतीने तो ओरडून बोलायला लागला.

एके दिवशी कंपाउंडर पेंटरच्या दुकानात आला आणि त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाला, "तळं बंद केलं रे. पिण्याचं पाणी आहे म्हणे. मासे धरायला बंदी, पहारेकरी बसवलाय."

"आपल्यालासुद्धा?"

"आपण काय जावई लागून गेलो?"

पेंटर रविवारी घरी राहू लागला. दुपारी जेवून झोपायचा आणि उठला की वार विसरायचा. अधूनमधून संध्याकाळी कंपाउंडर कागदात गुंडाळलेला मासा घेऊन यायचा. "बाजारात दिसला, तुझी आठवण झाली." तो गेला की पेंटर बायकोला म्हणायचा, "बंदी आली, पण माणूस विसरला नाही बघ." बायको काही न बोलता मासा आत न्यायची.

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा कंपाउंडरने आणलेला मासा साफ करायची वेळ पेंटरवर आली. घशापाशी सुरी कशाला तरी अडकली. बोट घालून पाहिलं तर गळ, त्याला हिरव्या दोऱ्याचा तुकडा. बाजारातले मासे जाळ्यातले, त्यांच्या घशात गळ कुठून येणार? आणि मासा गळ गिळेपर्यंत डुलक्या काढून मग दोरा कापणारा माणूस त्याला एकच माहीत होता. त्याने मासा तसाच झाकून ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्या रविवारी तो बस पकडून तळ्यावर गेला. पहारेकरी नव्हता. नेहमीच्या झाडाखाली धूर दिसत होता. लांब्या होता, कंपाउंडर होता, आणि चुलीपाशी कंपाउंडरचा मेव्हणा बसला होता. कशावरून तरी लांब्या हसत होता, पोट धरून. पेंटरला ते नुसतं दिसलं.

त्याने यंत्र कानात घातलं आणि पुढे गेला.

"बंदी उठली वाटतं," तो म्हणाला.

कंपाउंडर उभा राहिला. हातातलं ताट कुठे ठेवावं ते त्याला सुचेना. शेवटी लांब्याच बोलला. "खोटं कशाला बोलू? एकेक गोष्ट तुला चार-चारदा सांगायची. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की विनोद राहत नाही रे. तू ओरडतोस, मासे पळतात. आम्ही पण म्हातारे झालो, एवढा दम नाही राहिला."

"मग तसं सांगायचं होतं. राहिलो असतो घरी."

"तुला वाईट वाटलं असतं," कंपाउंडर म्हणाला.

"आणि हे बरं वाटतंय?" पेंटर या वेळी ओरडला नाही. "बंदी घातली, पहारेकरी नेमला, वर घरी मासा आणून देत होतास. त्या माशासाठी उपकार मानले मी तुझे."

मेव्हण्याने ताट वाढून पुढे केलं. पेंटर माघारी वळला. बस यायला वेळ होता, तरी तो उन्हात उभा राहिला.

बायको परत आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. तिने मान खाली घातली. "पहिल्याच माशाच्या ओठाला भोक दिसलं होतं," ती म्हणाली.

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुम्ही किती खूश व्हायचात. मला बोलवेना."

पेंटर उठून ओट्यावर जाऊन बसला. मित्रांनी केसाने गळा कापला हे तो पचवायला लागला होता. पण घरचं माणूस मूग गिळून बसलं आणि तो मासा रांधून वाढत राहिलं, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

महिन्याभराने दोघं मित्र घरी आले, हात धरून त्याला तळ्यावर घेऊन गेले. तिथे सगळे त्याच्याशी सावकाश, मोठ्याने, एकेक करून बोलले. मेव्हण्याने पाण्याचा पेला हातात दिला. जेवताना कुणी थट्टा केली नाही, कुणी कुणाला शिवी हासडली नाही. लांब्या पाहुण्याला विचारावं तसं "अजून घे ना" म्हणाला. पेंटर पानातलं संपवून उठला. गावात परतल्यावर म्हणाला, "पुन्हा बोलवायला येऊ नका. तुम्हालाही जड जातं, मलाही."

आता रविवारी तो दुकान उघडतो. कंपाउंडर रस्त्याने जाताना हात करतो, पेंटरही ब्रश धरलेला हात वर करतो. बायको मात्र बदलली आहे. ती त्याला सगळं सांगते, नको तेही. दूध नासलं, जावई चिडका आहे, शेजारीण त्याला बहिरोबा म्हणते. शेजारणीचं ऐकून पेंटर पहिल्यांदा चिडला, मग म्हणाला, "मोठ्याने म्हणते का हळू?"

"हळू."

"मग बरोबर आहे, मला कुठे ऐकू येतं," तो म्हणाला आणि त्याने यंत्र काढून खिशात टाकलं.