समूरचा चोगा

जन्मभर मी शाळेत जीवशास्त्र शिकवले. पुराव्याशिवाय विधान करायचे नाही, हा माझ्या वर्गाचा पहिला नियम. भानामतीच्या गोष्टी घेऊन येणाऱ्या मुलांना मी हसून जागेवर बसवत असे. तरीही हे लिहितो आहे...

निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शनला तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. आमच्या शाळेत उर्दू शिकवणाऱ्या नसीमआपा उस्मानपुऱ्यात राहत. त्यांचे वडील एका जहागीरदाराकडे मुन्शी होते. जहागीरदाराने खूश होऊन आपला समूरच्या उंची फरचा चोगा त्यांच्या अंगावर घातला, असे ते सांगत. पुढे जहागीर गेली, वडीलही गेले. चोगा तेवढा उरला. आपांच्या मुलाने निकाहात तो घालावा, ही आपांच्या आईची — अम्मींची — इच्छा. पण आपांचे दीर चारचौघांत हसले, “भाभी, दूल्हा आएगा के खरगोश?”

चोगा खोटा ठरला, तर वडीलही थापाडे ठरणार होते. म्हणून मला बोलावणे आले.

“मास्साब,” अम्मी म्हणाल्या, “तुम मुँह देखको बात नई करते. सच बोलना.”

आपल्याकडे जुन्या उंची कपड्यांत तीन फर विशेष मानत : पांढरे काकूम, करडे संजाब आणि सर्वांत वरचे, गडद तपकिरी समूर. केस आतल्या बाजूला, अंगाला लागून. बाहेर फक्त काठ दिसे. समूरची खूण अशी की, हात उलटा फिरवा वा सुलटा, केस मऊ बसतात.

मी चोगा उलटा करून खिडकीपाशी नेला. पाठ, दोन्ही बाह्या, घेर — सगळे तपासले. उलट्या हाताला केस ताठ उभे राहत. तळहाताला चिकटून येत. भिंगाखाली मुळे पांढरी, वरून रंग दिलेला. घेराच्या टोकाचा एक पुंजका उपटून कागदात बांधला आणि दाराशी आपांना हळूच सांगितले, “ससा आहे.”

आपांचे डोळे भरले. “अम्मींना तुम्हीच सांगा, सर. माझ्यानं नाही होणार.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. मी तोंड उघडण्याआधीच अम्मी म्हणाल्या, “कल उलटा करको देखे ना? ये कोई खाल है क्या? चोगा है, पहनो!”

मे महिना. संकोचत चोगा अंगावर चढवला, आत हात घालून छातीपाशी फिरवला... केस उलटेही मऊ बसले. एकही हाताला आला नाही. घाईने काढून भिंगाखाली धरला — मुळापर्यंत गडद. चोगा बदलला असेल? घेराच्या टोकाशी कालची उपटलेली जागा तशीच उघडी होती.

“बोलो ना, मास्साब. क्या है?”

“समूर.”

“हौ,” अम्मी पानदान उघडत म्हणाल्या, “मेरेकू मालूम था.”

मुलाने तोच चोगा घालून निकाह केला. दिरांनीही हात फिरवून पाहिला. मग पुन्हा एकदा, उलटा फिरवून.

आता मी पुंडलिकनगरला असतो. कागदातला पुंजका अजून आहे. अधूनमधून भिंगाखाली धरतो : मुळे पांढरी, वर रंग. निःसंशय ससा. परवाच आपांकडे चोगाही पुन्हा पाहिला : निःसंशय समूर. उपटलेल्या जागेत पुंजका मात्र नेमका बसतो.

कारण मला सांगता येत नाही. सांगता येते ते इतकेच — दोन्ही दिवशी मी खरेच बोललो होतो.