गोळी लागली की उडी

अर्धांगवायूनंतर पत्नीला उजवा हात खांद्यापर्यंत उचलवेना. व्यायामाचा तिला कंटाळा. माझ्या रागावण्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी आमच्या मुलीने बोरिवलीच्या घराच्या माळ्यावरून स्वतःचा लहानपणीचा बंदुकीचा व्हिडिओ गेम काढला. ती बंदूक नव्या चपट्या टीव्हीवर चालत नाही, म्हणून जुना खोक्यासारखा टीव्हीही उतरवला आणि मुद्दाम उंच कपाटावर ठेवला.

पडद्यावर एक माणूस आपोआप चालत राहतो. खड्डा आला की त्या माणसालाच गोळी मारायची. गोळी लागली की तो उडी मारतो.

पत्नीने बंदूक खाली ठेवली. "अहो, बिचाऱ्याने काय केलंय? मी नाही मारणार."

"नाही मारलंस तर मरेल," मी म्हणालो.

तो खड्ड्यात पडला. ते तिला सहन झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज नेम धरू लागली आणि मी तिचे कोपर खालून तोलून धरू लागलो.

महिन्याभराने एका रुंद खड्ड्यापाशी ती माझ्यावर खेकसली, "सोडा हो हात! तुमच्यामुळे नेम चुकतोय."

मी सोडला. तो माणूस पलीकडे पोहोचेपर्यंत तिचा हात खाली आला नाही.