विहीणबाईंचे उपास

साऱ्या नगर जिल्ह्यात घाम येतो तो फक्त माझ्या विहीणबाईंना; तुम्हाआम्हाला येतो तो नुसता ओलावा. पौषातल्या थंडीत पारनेरकडच्या माळावर माणसं कानटोप्या घालून शेकोटीभोवती बसलेली असतात, आणि या बाई ओट्यावर मानेला ओला पंचा गुंडाळून सुपाने वारा घेत असतात. त्यांच्या पंख्याला भिऊन व्याही कधीच कांद्याच्या गोण्यांच्या खोलीत झोपायला गेले. वैशाखात एका साखरपुड्याला तर त्यांनी नवऱ्यामुलासाठी ठेवलेल्या कूलरपुढेच खुर्ची टाकली. फोटोवाल्याने विनवून पाहिलं, पण त्या हलल्या नाहीत. शेवटी नवरानवरीच त्यांच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. त्या फोटोत मधोमध विहीणबाई आहेत, आणि चेहरा असा समाधानी की साखरपुडा त्यांचाच वाटावा.

हे सगळं एका गोळीमुळे. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, आणि मग डॉक्टरांनी रोजची एक हार्मोनची गोळी लावून दिली, तीही काही वर्षं घ्यायची. पाळी जाऊन जमाना झाला तरी अंगात ते हार्मोन थोडं थोडं बनत राहतं आणि त्यांची गाठ त्याच्यावरच पोसलेली, म्हणून ही गोळी ते बनूच देत नाही. गाठ परत येऊ नये यासाठी हा सगळा खटाटोप. पण गोळीपायी अंगातून वाफा निघतात, सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होतात. विहीणबाई हे सगळं एसटीत शेजारच्या बाईला पहिल्या थांब्याच्या आत सांगून मोकळ्या होतात आणि खिडकीची जागा मिळवतात. माझेही गुडघे काही लोखंडाचे नाहीत, पण मी भिंगारपासून उभी राहून जाते. मला कुणी विचारत नाही.

खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर जळते, आणि ते खिडकीच्या जागेवरून नव्हे. सकाळी त्यांची बोटं मिटलेली असतात, उघडत नाहीत. एके काळी ज्या हातांनी खुरपणीच्या बायकांना पुरतील एवढ्या भाकरी थापल्या, त्यांना आता चहाचा कप धरवत नाही. तेव्हा माझी लेक, म्हणजे त्यांची सून, गरम पाण्याचं घमेलं घेऊन येते, त्यांचे हात त्यात बुडवते आणि मग एकेक बोट तेल लावून चोळते. ही तीच लेक, जिने मला चिकनगुनिया झाला तेव्हा फोनवर "गोळी घेतलीस ना?" एवढं विचारून फोन ठेवला होता. शेगडीवर कुकर होता म्हणे. तिच्या घरी गेले की रोज सकाळी मी तो सोहळा चहा फुंकत बघते, आणि चहा गार झाला तरी फुंकतच राहते.

या दिवाळीनंतर चार दिवस राहायला गेले, तर आणखी एक दुखणं माझ्या वाट्याला आलं. विहीणबाई भक्तीतही माझ्या पुढे गेल्या होत्या. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार कसलासा नवसाचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी आणि चतुर्थी. घरात भगरीशिवाय वास नाही. लेक कौतुकाने सांगत होती, एवढं दुखत असून आई एक उपास मोडत नाहीत. मी वर्षाच्या दोन एकादश्या कशाबशा करणारी; माझं तोंड एवढंसं झालं.

पण जळणाऱ्या माणसाची नजर बारीक असते. बुधवारी विहीणबाईंनी सगळ्यांच्या देखत, गुळाच्या खड्यासोबत, नैवेद्य दाखवावा तशी गोळी घेतली. गुरुवारी घेतली नाही. शुक्रवारीही नाही. लेक त्या वेळी शाळेच्या डब्यांत गुंतलेली, तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आलं. मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता: आता सापडल्या, आता लेकीला सांगते आणि तेलाची वाटी कशी बंद होते ते बघते.

लेक दळणाला गेल्यावर मी त्यांना ओट्यावर गाठलं. आधी त्या म्हणाल्या की गोळीवर कसला लेप असतो कोण जाणे, उपासाला चालत नाही. मी नुसतीच बघत राहिले. मग त्यांनी सूप खाली ठेवलं. गोळीने बोटं आखडतात, नातू मांडीवर येतो तर उचलता येत नाही, आणि नवरात्रात नऊ दिवस गोळी सोडली तर देवीच्या कृपेने हात जरा हलका वाटला, तेव्हापासून उपास वाढवत नेले, असं सगळं त्यांनी सांगितलं.

"मग पोरीला का नाही सांगितलं?"

"कुठल्या तोंडानं सांगू, ईनबाई? माझ्यासाठी दवाखान्यात रांगा लावल्या तिनं. आता म्हनू, की मला गोळी नको झाली?" मग त्या म्हणाल्या, "आन् खरं सांगू का, बोटं चोळताना ती सगळं तुमचंच बोलती. आई आसं करायची, आई तसं करायची. मला लई राग येतो."

मला हसू आलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं मी एकटीच जळते आहे असं धरून चालले होते. मी म्हटलं, "विहीणबाई, माझी लेक मला परत हवीच आहे. पण तुमच्या मागे रडत आलेली नको. गोळी घ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नगरला डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. औषधाने उपास मोडत नाही आणि आपल्या मनाने गोळी सोडायची नाही, एवढं बजावून त्यांनी त्याच कामाची दुसरी गोळी दिली, हाडांची तपासणी करायला सांगितली आणि रोज चालायला लावलं. घरी येऊन विहीणबाईंनी सुनेला सगळं आपल्या तोंडाने सांगितलं. लेक रडली, मग रागावली, मग भगरीचा डबा माळ्यावर टाकून आली.

आता उपास दोनच उरलेत. घाम आहे तसाच आहे, दुखणं थोडं कमी, पण गेलेलं नाही. मागच्या खेपेला गेले तेव्हा सकाळी लेक पोराच्या तापाने अडकली होती. घमेल्यातलं पाणी गार व्हायला लागलं. विहीणबाईंनी हात माझ्यापुढे केले, आणि मी तेलाची वाटी ओढली. अंगठा झाला, दोन बोटं झाली. त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

"तिचा हात आसाच हाय," त्या म्हणाल्या. "जरा जड. तुमच्यावरच गेलाय."

लहानपणी तिचे पाय दुखायचे तेव्हा मी अशीच चोळत बसायची, ते तिला आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. करंगळी राहिली होती, तेवढी चोळली.